‘लांडगा आला रे’ आणि कार्यालयातील भोंगा

लोअर परळ किंवा अंधेरीतील एखाद्या काचेच्या इमारतीत दुपारी अचानक आगीचा भोंगा वाजू लागतो. संगणकावरच्या माना क्षणभर वर होतात आणि पुन्हा खाली जातात. कोणीतरी ‘बंद करा रे तो’ असे म्हणते. तळमजल्यावरचा सुरक्षारक्षक पॅनेलवरचे बटण दाबतो, आवाज थांबतो आणि कामकाज पूर्ववत सुरू होते. शहरातील असंख्य कार्यालयांत, दुकानांत व रुग्णालयांत हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. तिचा शेवट मात्र भोंगा वाजत असताना कोणाला आठवत नाही.

स्वयंचलित अग्निसूचक यंत्रणेचे काम एकच असते. माणसाच्या नाकाला आणि डोळ्यांना कळण्यापूर्वी आगीची वर्दी देणे. ही वर्दी वारंवार खोटी ठरू लागली की यंत्रणा बिघडण्यापूर्वीच माणसांचा तिच्यावरील विश्वास बिघडतो. म्हणूनच खोटा भोंगा ही नुसती कटकट नसून तो सुरक्षेतील एक गंभीर दोष आहे. तो दूर करण्याची जबाबदारी सर्वस्वी इमारतीच्या मालकावर आणि तेथे व्यवसाय करणाऱ्यांवर असते.

लॉस एंजेलिसचा धडा

भोंग्याकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे अग्निसुरक्षेच्या अभ्यासात नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतील आहे. ४ मे १९८८ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. त्या सुमारास इमारतीत पाण्याचे स्प्रिंकलर बसविण्याचे काम चालू होते. ते अद्याप कार्यान्वित झाले नव्हते. भोंगा वाजला तेव्हा या कामामुळेच तो वाजला असावा, असा तळमजल्यावरील कर्मचाऱ्यांचा समज झाला. त्यांनी तो बंद केला. त्यानंतर धूरशोधकांकडून आलेल्या सूचनाही पुन:पुन्हा पुसून टाकण्यात आल्या. काय प्रकार आहे ते पाहण्यासाठी देखभाल विभागातील एक कर्मचारी लिफ्टने वर गेला. लिफ्टचे दार थेट आगीच्या मजल्यावर उघडले आणि त्यातच त्याचा अंत झाला. अग्निशमन दलाला पहिले दूरध्वनी गेले ते इमारतीबाहेरून ज्वाळा पाहणाऱ्यांचे. तोवर मोलाची मिनिटे हातची गेली होती. बाराव्यापासून सोळाव्या मजल्यापर्यंत आग पसरली.

तीन वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९१ रोजी, फिलाडेल्फिया येथील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत जवळजवळ तसेच घडले. भोंगा वाजल्यावर अग्निशमन दलाला कळविण्याऐवजी एक कर्मचारी लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर गेला. दार उघडताच धूर व उष्णतेचा लोट आत आला. खाली असलेल्या सहकाऱ्याने लिफ्ट परत खेचून घेतल्यामुळे तो बचावला. मात्र ही आग विझविताना अग्निशमन दलाच्या तीन जवानांनी प्राण गमावले.

दोन्ही ठिकाणी यंत्रणेने आपले काम चोख केले होते. चूक झाली ती यंत्रणा सांगत असलेले ऐकणाऱ्यांची. आधी खात्री करू, मग कळवू; आधी आवाज बंद करू, मग पाहू; आणि जायचे ते लिफ्टने. या तीन सवयी आजही आपल्याकडील अनेक इमारतींत सर्रास दिसतात.

भोंगा खोटा का वाजतो?

बहुतेक धूरशोधकांच्या आत प्रकाशाचा एक किरण असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि पॅनेलला सूचना जाते. मात्र धुराचा कण, धुळीचा कण आणि वाफेचा थेंब यांतील फरक साध्या धूरशोधकाला नेहमीच ओळखता येतो असे नाही. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवा, शेजारच्या बांधकामाची धूळ, पॅन्ट्रीतील वाफ, शोधकाच्या आत घर करणारे किडे, कीटकनाशकाची फवारणी, फॉल्स सीलिंगच्या दुरुस्तीच्या वेळी उडणारी जिप्समची भुकटी ही खोट्या भोंग्याची नेहमीची कारणे होत. दसऱ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला कार्यालयात लावलेला धूप हेही त्यातलेच एक.

याचा अर्थ असा, की बहुतेक खोट्या सूचना खोडसाळ नसतात आणि अनाकलनीयही नसतात. त्यांना ठरावीक कारण असते आणि ते शोधता येते. स्वयंपाकघरात धूरशोधकाऐवजी उष्णताशोधक बसविणे, वाफेच्या जागेपासून शोधक दूर सरकविणे, धूर आणि उष्णता या दोहोंचा मेळ पाहणारे शोधक वापरणे, ठरलेल्या मुदतीत शोधकांची सफाई करणे, एवढ्याने बराच त्रास कमी होतो. अर्थात उष्णताशोधक आगीची वर्दी तुलनेने उशिरा देतो. त्यामुळे कटकट नको म्हणून तो सरसकट सगळीकडे लावणे धोक्याचे ठरते. जेथे माणसे झोपतात अशा जागी आणि बाहेर पडण्याच्या मार्गांवर धूरशोधकच हवा. भारतीय मानक ‘आयएस २१८९’ मध्ये कोणत्या जागी कोणता शोधक असावा आणि त्याची देखभाल कशी करावी, याचे मार्गदर्शन आहे. कंत्राटदार निवडताना त्याला या मानकाविषयी दोन प्रश्न विचारले तरी त्याच्या ज्ञानाचा अंदाज येतो.

भोंगा वाजल्यावर

पहिला नियम असा, की प्रत्येक भोंगा खरा समजावा. लोकांनी ठरलेल्या जिन्याने बाहेर पडण्यास सुरुवात करावी. मोठ्या इमारतींत टप्प्याटप्प्याने मजले रिकामे करण्याची योजना असेल, तर ती आधीच ठरलेली व सरावाची असावी. ऐन वेळी निर्णय घेण्याची पाळी पहाऱ्यावरच्या एकट्या माणसावर येऊ नये.

दुसरा नियम दूरध्वनीचा. आपल्याकडील बहुतेक इमारतींचे पॅनेल अग्निशमन दलाशी थेट जोडलेले नसते. भोंगा इमारतीत वाजतो, अग्निशमन केंद्रात नव्हे. ‘यंत्रणा आहे, म्हणजे बंब आपोआप येईल’ हा समज म्हणूनच घातक आहे. १०१ हा क्रमांक कोणीतरी फिरवावाच लागतो. कोणत्या पाळीत तो कोणी फिरवायचा, हे नावानिशी ठरलेले असावे. पत्ता सांगताना इमारतीचे नाव, जवळची ठळक खूण, बंबाला आत येता येईल असे फाटक आणि आगीची सूचना आलेला मजला हे सर्व सांगावे. हा मजकूर पॅनेलशेजारी मोठ्या अक्षरांत मराठी व हिंदीत लावून ठेवल्यास घाबरलेला माणूसही तो वाचून सांगू शकतो.

तिसरा नियम पाहणीचा. पॅनेलवर कोणत्या विभागाचा दिवा लागला आहे ते वाचून दोघांनी मिळून तेथे जावे, एकट्याने नव्हे. जाताना लिफ्ट वापरू नये. वॉकी-टॉकी व विजेरी सोबत असावी. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने ते गरम आहे काय ते पाहावे. गरम असल्यास उघडू नये. ठरलेल्या मिनिटांत वर गेलेल्यांकडून निरोप आला नाही, तर आग खरी आहे असेच धरावे. ही पाहणी दूरध्वनीच्या बरोबरीने चालावी. दूरध्वनी तिच्यासाठी थांबता कामा नये. सूचना खोटी असल्याचे दिसून आल्यास अग्निशमन दलाला लगेच तसे कळविणे हे कर्तव्य आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथा नियम बटणांचा. पॅनेलवर आवाज थांबविण्याचे एक आणि यंत्रणा पूर्ववत करण्याचे, म्हणजे रीसेटचे, दुसरे बटण असते. पहिल्याने केवळ आवाज थांबतो. दुसऱ्याने सूचना कोठून आली होती ही पॅनेलवरील खूण पुसली जाते. कारण सापडेपर्यंत रीसेट करू नये आणि इमारत सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत आवाजही थांबवू नये, हे दोन दंडक प्रत्येक पाळीतील प्रत्येक रक्षकाला पाठ असले पाहिजेत.

भोंगा थांबल्यावर

खरे काम यानंतर सुरू होते. प्रत्येक सूचनेची तारीख, वेळ, विभाग, शोधकाचा क्रमांक, आढळलेले कारण आणि केलेला उपाय यांची नोंद एका वहीत व्हावी. महिन्याच्या शेवटी ही वही चाळली की एकच शोधक पुन:पुन्हा वाजतो, किंवा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीतच भोंगा होतो, असे काहीतरी स्पष्ट दिसते. उपाय त्या नोंदीतच दडलेला असतो. नोंद नसेल तर ‘यंत्रणाच खराब आहे’ एवढाच निष्कर्ष उरतो आणि मग कोणीतरी ती कायमची बंद करून टाकतो.

यंत्रणा बंद करणे हाच सर्वांत मोठा धोका आहे. दुरुस्तीच्या कामासाठी एखादा विभाग तात्पुरता बंद करावा लागतो, यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी लेखी परवानगी असावी, फक्त कामापुरताच भाग बंद करावा, तेवढा वेळ तेथे जागता पहारा ठेवावा आणि काम संपताच त्याच दिवशी तो भाग पुन्हा सुरू झाल्याची सही घ्यावी. धूळ जाऊ नये म्हणून शोधकावर चढविलेली टोपी रंगकाम संपल्यावरही तशीच राहिली, असे प्रकार घडतात. टोपी घातलेला शोधक खालून पाहणाऱ्याला शाबूत दिसतो. पण तो आंधळा असतो.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसविणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची अथवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा, ‘नमुना ब’मध्ये, सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ कागद नव्हे. ते घेण्यापूर्वी प्रत्येक विभागातील शोधक खरोखर तपासले गेले काय, भोंगा शेवटच्या कोपऱ्यातील स्वच्छतागृहातही ऐकू येतो काय आणि वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रणा चालते काय, हे व्यवस्थापनाने स्वत: उभे राहून पाहायला हवे.

खोट्या सूचनांचा भार किती वाढू शकतो, हे ब्रिटनमध्ये दिसून आले. तेथे स्वयंचलित सूचनांवरून जाणाऱ्या बंबांपैकी बहुसंख्य हात हलवीत परत येत. अखेर स्कॉटलंडच्या अग्निशमन सेवेने १ जुलै २०२३ पासून आणि लंडनच्या अग्निशमन दलाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून आपले धोरण बदलले. बहुतेक व्यापारी इमारतींत केवळ यंत्राची सूचना आली म्हणून बंब पाठवायचा नाही, प्रत्यक्ष माणसाने आग असल्याचे कळवायला हवे, असे ठरले. लंडनमध्ये हा नियम दिवसाच्या वेळेपुरता आहे. माणसे जेथे झोपतात अशा जागांना दोन्हीकडे वगळण्यात आले आहे. आपल्याकडे दूरध्वनी मुळात माणसालाच करावा लागतो. म्हणजे जी जबाबदारी तेथे धोरण बदलून व्यावसायिकांवर टाकावी लागली, ती येथील व्यावसायिकांवर आधीपासूनच आहे.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील स्फोटांत प्राणार्पण केलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो असतो. त्या आठवड्यात इमारतींत फलक लागतात, कवायती होतात, छायाचित्रे निघतात. कार्यालयाच्या सुरक्षेची खरी कसोटी मात्र एखाद्या साध्या दुपारी लागते. भोंगा वाजतो, तेव्हा माणसे खुर्चीवरून उठतात की नाही, यावरूनच ती लागते. खोटे भोंगे कमी केले तरच लोक खऱ्या भोंग्याला उठतील.