नारळी पौर्णिमा : थांबण्याचे व्रत

आज श्रावणी पौर्णिमा. घरोघर नारळ फुटेल, नारळीभाताचा सुवास दरवळेल, बहीण भावाच्या मनगटी राखी बांधील. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा सण असाच गोडाधोडाने साजरा होतो. परंतु किनाऱ्यावर ज्या समुद्रासाठी हा नारळ असतो, तो समुद्र आमच्यापासून कित्येक कोस दूर. आमच्या पैठणास गोदावरी आहे आणि जायकवाडीचा नाथसागर आहे. त्याच्या नावात सागर असला, तरी त्याला भरती नाही की ओहोटी नाही. मग पठारावरच्या माणसाने समुद्राची पूजा का करावी, असा प्रश्न परवा एका तरुण श्रोत्याने आम्हास विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, आपले पठार समुद्राला कधीच परके नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे नाव आहे. भडोचच्या बंदरापासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असून येथील मौल्यवान खडे गाड्यांतून त्या बंदरी जात, असे तो ग्रंथकार सांगतो. सातवाहनांच्या काळी नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा गाठणारी वाट याच पठारावरून जाई. सातवाहनांनी तर आपल्या काही नाण्यांवर गलबताचे चित्र कोरविले. आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा रंगविली आहे आणि तिच्यात शिडांचे जहाज आहे. डोंगराच्या कुशीत बसून चित्रकाराने समुद्र रंगविला, तो उगाच नव्हे.

हाच पेरिप्लस आणखी एक गोष्ट सांगतो. मिसर देशाहून हिंदुस्थानकडे येणारी जहाजे मन मानेल तेव्हा सुटत नसत. वाऱ्याचा काळ पाहून आषाढाच्या सुमारास निघत. 'मोसम' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ठरलेला काळ, ऋतू. दर्यावर्दी लोकांनी वाऱ्यालाच ऋतूचे नाव दिले, यातच सर्व आले. समुद्रावर दिशेआधी काळ पाहावा लागतो.

वेदाचेही हेच सांगणे आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात पंचविसावे सूक्त शुनःशेपाचे असून ते वरुणास उद्देशून आहे. त्यात वरुणाच्या ज्ञानाची थोरवी गाताना ऋषी म्हणतो की, आकाशातील पक्ष्यांची वाट आणि समुद्रावरील नौकेची वाट तो जाणतो. लगेच पुढच्या ऋचेत सांगतो की, तो बारा महिने जाणतो आणि वर जादा येणारा महिनाही जाणतो. नौकेच्या वाटेपाठोपाठ महिन्यांची गणना का यावी? आम्हास वाटते, समुद्राची वाट पंचांगावाचून कळत नाही, म्हणूनच. त्याच ऋचेत वरुणाला 'धृतव्रत' म्हटले आहे. ज्याचे व्रत ढळत नाही, तो धृतव्रत. अशा देवाकडे जायचे, तर आपणही एखादे व्रत पाळलेले असावे. दर्यावर्द्यांचे ते व्रत म्हणजे पावसाळ्यातील थांबणे. नारळी पौर्णिमा हे त्या व्रताचे उद्यापन होय.

हे शहाणपण आम्ही पोथीतून वाचले खरे, पण कळले ते एका बोटीवर. १९७८ सालची महाशिवरात्र जवळ आली होती. आमचे गुरुजी त्या काळचे नामांकित कीर्तनकार. त्यांना देवगडाजवळ कुणकेश्वराच्या परिसरातील एका गावाने कीर्तनास बोलाविले होते. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे, त्यांच्यामागे झांज घेऊन उभे राहणारे. तेव्हाच्या औरंगाबादहून मीटरगेज गाडीने मनमाड, तेथून दुसऱ्या गाडीने मुंबई आणि पुढे भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट, असा तो प्रवास. कोकण रेल्वे त्या वेळी नव्हती. ती पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडले. कोकणात जायचे, तर एस.टी. अथवा बोट. बोटही बारमाही नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस ती बंद होई आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होई. गणपती लवकर आले, तर चाकरमान्यांचे अर्धे लक्ष पंचांगाकडे आणि अर्धे बोटीच्या जाहिरातीकडे असे.

'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही त्या बोटींची नावे आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. सकाळी दहाच्या सुमारास सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस लागे. यजमानांनी गुरुजींसाठी केबिनीचे तिकीट काढले होते. लहानशी खोली, वर-खाली दोन बिछाने, एक वाटोळी खिडकी. बाकीचा सर्व संसार डेकवर. सतरंजी अंथरली, की तेवढी जागा आपली. ट्रंका, वळकट्या, नव्या बादल्या, लेकरांची रडारड आणि कोपऱ्यात कोणाचे तरी भजन.

गुरुजी मोठे आचारनिष्ठ. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा उत्तरेकडच्या लोकांचा आचार म्हणून सांगितला आहे आणि पुढे पतनास कारण होणाऱ्या कर्मांत त्याचीच गणना केली आहे. आम्ही भीतभीत विचारले, "गुरुजी, आपले हे जाणे शास्त्रास धरून आहे ना?" ते हसून म्हणाले, "किनारा दिसतो आहे तोवर हा प्रवास. दिसेनासा झाला की विचार." त्या उत्तरात व्यवहार किती आणि मिष्कीलपणा किती, हे आम्हास आजवर उमगलेले नाही.

बोट सुटून तासाभर झाला असेल. मुंबई बंदराचे तोंड ओलांडताना डेकवरच्या एका वृद्ध बाईंनी पिशवीतून नारळ काढला, त्यास हळदकुंकू लावले आणि कठड्यावरून पाण्यात सोडला. ना पौर्णिमा, ना सण. गुरुजींनी जवळ जाऊन विचारले, "बाई, कशासाठी हा नारळ?" त्या म्हणाल्या, "इकडेच कुठे तरी काशाचा खडक आहे. माझा थोरला भाऊ 'रामदास' बोटीवर होता."

'रामदास'चे नाव कोकणात आजही आवाज खाली आणून घेतले जाते. १७ जुलै १९४७ चा दिवस; आषाढाची अमावास्या तोंडावर आलेली. कोकणच्या लांबच्या फेऱ्या पावसाळ्यामुळे बंद होत्या, परंतु मुंबई ते रेवस हा जवळचा टप्पा म्हणून भर आषाढातही चालू होता. सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांनी जितक्यांना ओढून घेता आले, तितक्यांना आपल्या होड्यांत घेतले. स्वातंत्र्यदिन एक महिन्यावर येऊन ठेपला होता. त्यातल्या कित्येक घरांना तो दिवस दिसलाच नाही.

गुरुजींनी विचारले, "मग नारळ देऊन त्याच्यापाशी काय मागता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मागायचे काय? गेला तो गेला. मी नुसते सांगते, आम्ही आता मोसमात चाललो आहोत."

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. रत्नागिरीस सायंकाळी बोट दूर उभी राहिली. पडाव हेलकावे खात जवळ आले आणि माणसे, सामान, तान्ही मुले हातोहात खाली उतरली. पुढे वारा वाढला. डेकवर अनेकांना बोट लागली. बाईंच्या सोबत त्यांची सून आणि तिचे अंगावरचे मूल होते. गुरुजींनी केबिनीची किल्ली त्या सुनेच्या हाती दिली आणि आपण उपरणे डोक्याखाली घेऊन डेकवर आडवे झाले. आम्ही मनात चरफडलो. मऊ बिछान्याची एक रात्र हुकली, एवढेच तेव्हा आम्हास दिसले. पहाटेच्या आत देवगडास उतरलो, तेव्हा बाईंनी गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले आणि गुरुजींनी, आमच्या देखत, त्यांना उलट नमस्कार केला.

शिवरात्रीच्या कीर्तनात, उत्तररंगाला वळण्यापूर्वी, गुरुजींनी ही हकीगत सांगितली. ते म्हणाले, "श्रोतेहो, देवाला नारळ म्हणजे लाच नव्हे. आपण तुझी मर्यादा पाळली, याची ती पोचपावती आहे. ज्याने मर्यादा पाळली नाही, त्याने सोन्याचा नारळ दिला, तरी तो नारळ पाण्यात गेला एवढेच." सभामंडपात स्तब्धता पसरली. त्या गावात 'रामदास' विसरलेले कोणी नव्हते.

आता आमच्या चुकीची गोष्ट. हे सर्व ऐकूनही आम्ही शहाणे झालो नाही. पुढे वीसएक वर्षांनी अलिबागजवळ श्रावणी सोमवारचे कीर्तन ठरले. पौर्णिमेला अजून अवकाश होता. मुंबईस पोहोचावयास आम्हास उशीर झाला. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यामुळे बंद आणि सडकेने पेणवरून जावे, तर वेळेवर पोहोचणे कठीण. नाव तेव्हा बऱ्यापैकी झालेले आणि नावाबरोबर अहंकारही. धक्क्यावर एका वृद्ध तांडेलास आम्ही म्हणालो, "देवाच्या कामाला जायचे आहे; एक मचवा काढा, म्हणाल ते देतो." आकाश तर निरभ्र दिसत होते. त्याने आमच्या गळ्यातील तुळशीमाळेकडे पाहिले आणि म्हणाला, "महाराज, वर ऊन आहे, पण खाली पाणी अजून आषाढातलेच आहे. पुनवेनंतर या, पैसे घेणार नाही, पण नेईन."

आम्ही रागावून एस.टी. धरली. कीर्तन दीड तास उशिरा उभे राहिले. यजमानांनी चकार शब्द काढला नाही, आम्हीच चिडचिड करीत होतो. पूर्वरंगात विषय घेतला होता संयमाचा. अर्ध्यावर आमची जीभ अडखळली. ज्या व्रताचे निरूपण आम्ही व्यासपीठावरून करीत होतो, ते पाळून एक निरक्षर तांडेल धक्क्यावर बसला होता आणि देवाचे नाव पुढे करून आम्ही ते मोडावयास निघालो होतो. बाईंचे शब्द त्या क्षणी आठवले. आम्ही मोसमात चाललो नव्हतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नारळ वाहिला आणि ऋतू पाळला, म्हणजे समुद्राने अभय दिले, असे कोणी समजू नये. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. तो कार्तिक महिना होता. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मोसम होता, बोटीवर संतांचे नाव होते, तरीही व्हायचे ते झाले. व्रत पाळल्याने मृत्यू टळतोच असे नाही. आपल्या उतावीळपणाने तो ओढवून घेतला, हा दोष मात्र टळतो. माणसाच्या हाती तेवढेच आहे.

आज काळ बदलला आहे. पणजीची ती रात्रीची बोट कधीच बंद पडली. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची मोठी बोट मुंबईहून गोव्यास रात्रीच्या प्रवासासाठी निघाली, तीही दोन वर्षांत थांबली. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारगाड्यांसह माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली असून ती हवामान पाहून पावसाळ्यातही चालते. लहान लाँची मात्र पावसाळ्यात अजूनही विसावतात. यांत्रिक मासेमारीस पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते. माशांच्या विणीचा काळ तो हाच. सरकारची तारीख ठरलेली. पौर्णिमा मात्र तिथीने पुढेमागे सरकते आणि अधिक मास आला, की ऑगस्टच्या अखेरीकडे जाते. बंदी उठताच नौका काढाव्यात, की पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच काढाव्यात, असा प्रश्न मग उभा राहतो. कर्जाचे हप्ते पौर्णिमेसाठी थांबत नाहीत, हेही खरे. किनाऱ्यावरच्या त्या कष्टकऱ्याला पठारावर बसून उपदेश करण्याचा आम्हास अधिकार नाही. एकदा तसा उतावीळपणा आम्ही स्वतः करून पाहिला आहे.

म्हणून त्या तरुण श्रोत्यास आमचे उत्तर असे : बाबा रे, समुद्र दूर असला, तरी 'थांबा' असे सांगणारा काळ तुझ्याही दाराशी येतो. पेरणी आधी केली, तर बी करपते. औषधाची मुदत पुरी होण्याआधी रोगी उठला, तर पुन्हा पडतो. रागाच्या भरात निघालेला शब्द परत येत नाही. प्रत्येक संसारात एक काशाचा खडक असतो, आणि ऊन पडलेले पाहून मचवा काढण्याचा मोहही असतो.

आज सायंकाळी देवापुढे नारळ ठेवताना त्या वृद्ध बाईंचे स्मरण करावे. काही मागण्याआधी, गेल्या चातुर्मासापासून आपण कोठे थांबलो आणि कोठे थांबावयास हवे होते, एवढे मनाशी आठवावे. मग नारळ फोडावा आणि प्रसाद सर्वांस वाटावा. दर्यावर गेलेली सर्व माणसे सुखरूप घरी येवोत, हीच श्रीनाथांच्या चरणी प्रार्थना.