जुन्या वृत्तपत्री मराठीतील ‘खालसा’

जुनी मराठी वृत्तपत्रे साधन म्हणून वाचणाऱ्या अभ्यासकाला ‘खालसा’ हा शब्द अडवीत नाही, आणि म्हणूनच तो फसवतो. शालेय इतिहासामुळे त्याचा एकच अर्थ मनात ठसलेला असतो : इंग्रजांनी एखादे संस्थान आपल्या राज्यास जोडून टाकणे. सातारा १८४८ साली व झाशी १८५४ साली खालसा झाले, हे सर्वांस पाठ असते. या पाठांतराच्या बळावर ठाणे जिल्ह्याविषयीचा मजकूर वाचू गेल्यास घोटाळा होतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. त्याला लागून असलेला मोखाडा हा इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्याचा भाग, १८८२ च्या गॅझेटियरच्या वेळी शहापूर तालुक्यात मोडणारा पेटा. मोखाड्याचा उल्लेख ‘खालसा मुलूख’ असा आला, तर तेथे कोणाचे राज्य नुकतेच बुडाले असा त्याचा अर्थ नव्हे. तेथे इंग्रज सरकारचा प्रत्यक्ष अंमल आहे, एवढेच त्यात सांगितलेले असते.

शब्दाचे मूळ अरबी असून ‘शुद्ध, निर्भेळ’ हा त्याचा आद्य अर्थ आहे. (मराठीतील ‘खलास’ हाही त्याच धातूचा.) मोगली महसुलात ज्या जमिनीच्या वसुलीत जहागीरदाराचा वाटा मिसळलेला नाही, ती खालसा. मराठेशाहीच्या दप्तरातही इनामाच्या विरुद्ध हाच अर्थ चालत आला. सारांश, हा शब्द एकटा कधीच उभा राहत नाही; त्याला प्रतियोगी लागतो. इनामाशेजारी तो सरकारी जमीन दाखवतो, संस्थानाशेजारी ब्रिटिश हिंदुस्थान. संस्थानांच्या अंतर्गत कारभारात तर दरबारच्या प्रत्यक्ष वसुलीचे गावही खालसाच. म्हणजे एकाच गावाला दरबारच्या दृष्टीने खालसा आणि इंग्रजांच्या दृष्टीने संस्थानी म्हणता येत होते. शिखांचा ‘खालसा’ याच मुळाचा असला तरी त्याचा व्यवहार निराळा. १८४८ साली सातारा खालसा झाले आणि त्याच वर्षी खालसा फौजेशी इंग्रजांचे दुसरे युद्ध जुंपले, हा योग त्या काळच्या बातम्या वाचताना विसरू नये.

अर्थनिर्णयाला व्याकरणाची मदत होते. ‘खालसा’ नामाच्या आधी विशेषण म्हणून आला की तो बहुधा स्थिती सांगतो : खालसा मुलूख, खालसा गाव, खालसा प्रजा. ‘करणे’ किंवा ‘होणे’ या क्रियापदांशी जोडला की तो घटना सांगतो. मात्र घटना कोणती, हे क्रियापदावरून ठरत नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामांची चौकशी आरंभिली, त्या काळात ‘गाव खालसा झाले’ याचा अर्थ इनामदाराची सनद नामंजूर होऊन गावचा वसूल सरकारात जमा होऊ लागला, असा असू शकतो. त्यात राज्य बदलत नाही. बदलतो तो वसुलीचा मालक. हा भेद न केल्यास इनामदाराची तक्रार संस्थानिकाच्या माथी मारली जाते.

१८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने राज्यविस्ताराचे धोरण सोडून दिल्यावर संस्थाने खालसा करण्याचे प्रकरण जवळजवळ मिटले. त्यामुळे ठाण्याचा ‘अरुणोदय’ (१८६६) किंवा ‘केसरी’ (१८८१) यांच्या काळात संस्थानांच्या संदर्भात स्थितिवाचक अर्थाची शक्यता आधी तपासणे इष्ट. संस्थानी प्रजेच्या चळवळीत तर या शब्दाला तुलनेची धार चढली : खालसातील रयतेला मिळालेले हक्क संस्थानी रयतेला का नसावेत, असा तो प्रश्न होता. सरहद्द ओलांडताच कायदा बदलत असे, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या लागून असलेल्या मुलखांत ही सरहद्द डोंगरातल्या पायवाटांवरूनच जात होती.

१९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. कायद्याचा शब्द ‘विलीनीकरण’ होता, कारण व्यवहार करारान्वये झाला. तरी ‘संस्थाने खालसा झाली’ हा प्रयोग मराठीत रूढ झालाच. तो सोयीचा असला तरी डलहौसीची जप्ती आणि हे विलीनीकरण यांना एकाच नावाखाली आणणारा असल्यामुळे इतिहासलेखनात टाळावा हे बरे. त्यानंतर जव्हार आणि मोखाडा दोन्ही ठाणे जिल्ह्याचेच भाग राहिले व २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात गेले. संस्थान हा प्रतियोगीच नाहीसा झाल्याने ‘खालसा मुलूख’ हा प्रयोग निराधार झाला. तारीख नसलेल्या कात्रणात तो चालू स्थितीचा वाचक म्हणून आढळल्यास, ते कात्रण बहुधा विलीनीकरणापूर्वीचे समजण्यास हरकत नाही.