शहराची सरासरी आणि गल्लीतले मरण

नगरपालिका आरोग्यासाठी काय करते असे विचारले, की दवाखान्यांची आणि रुग्णालयांची यादी पुढे केली जाते. ती यादी कमी महत्त्वाची नाही. पण रुग्णालय हे दुखणे जडल्यानंतरचे ठिकाण. माणसाला दुखणे जडणार की नाही, हे बव्हंशी नळ, गटार, घर आणि कचरा यांनी आधीच ठरविलेले असते, आणि या साऱ्यांवर थोडीफार सत्ता चालते ती नगरपालिकेचीच. तेव्हा या सोयी शहरात आहेत काय, एवढेच विचारून भागत नाही. त्या कोणत्या गल्लीपर्यंत गेल्या आणि कोठे येऊन थांबल्या, हे विचारावयास हवे.

लंडन शहराला १८६६ साली या प्रश्नाचे उत्तर फार भारी किंमत देऊन मिळाले. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअराच्या देखरेखीखाली तेथे भुयारी गटारांचे प्रचंड काम चालले होते आणि त्यातले बरेचसे पुरेही झाले होते. त्या वर्षी पटकी आली. शहराच्या बहुतेक भागाला तिने थोडक्यात सोडले. पण पूर्व लंडनच्या मजूरवस्तीत, जेथील गटारांची जोडणी अद्याप व्हावयाची होती, साडेपाच हजारांवर माणसे दगावली. विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने मृत्यूच्या नोंदी वस्तीवार मांडल्या, तेव्हा बोट एका पाणी-कंपनीकडे वळले. साऱ्या लंडनची सरासरी काढून तो स्वस्थ बसला असता, तर ती कंपनीही स्वस्थ बसली असती!

आपल्याकडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. या साथीच्या धक्क्याने १८९८ साली शहरसुधारणेसाठी एक स्वतंत्र ट्रस्ट कायद्याने स्थापन झाला. दाट वस्त्या फोडावयाच्या, समुद्राची हवा खेळेल असे रुंद रस्ते काढावयाचे, हा त्याचा बेत. रोग कोंदट, दूषित हवेतून होतो ही समजूत त्यामागे होती. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल लुई सिमाँ यांनी त्याच १८९८ साली कराचीत दाखविले; पण ते पटावयास पुढे बरीच वर्षे लागली.

रस्ते झाले, आणि चांगले झाले. आज दादर-माटुंग्याच्या झाडीतून फिरताना ज्या आखणीचे आपण कौतुक करतो, ती याच ट्रस्टची. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांचे काय? पाडण्याचा वेग मोठा आणि बांधण्याचा लहान. ज्या नव्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांचे भाडे पुष्कळांना झेपेना. हमालाला गोदीजवळ आणि गिरणीकामगाराला भोंग्याच्या टापूतच राहणे भाग. म्हणून माणसे उठली ती शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, एवढेच. सुधारणा खोटी नव्हती. ती ज्यांच्या नावाने आरंभली त्यांच्या वाट्याला मात्र फारशी आली नाही. आजही झोपडपट्टी हटविण्याच्या योजना वाचताना हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे.

मग महापालिकेला जमण्यासारखे काही आहे की नाही? सुरतेने ते दाखविले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची आवई उठली, पन्नासच्या आसपास माणसे गेली आणि लाखोंनी शहर सोडले. त्यांत मागांवर राबणारे आपले खानदेशी बांधवही होते. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी काही नवा शोध लावला नाही. शहराचे सहा विभाग पाडले, प्रत्येकावर अधिकारी नेमून निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार त्याच्या हाती दिले, आणि सर्वांना सकाळी खुर्ची सोडून रस्त्यावर उभे केले. दुपारी बैठक, सकाळी जे पाहिले त्याचा जबाब तेथे द्यावयाचा. बेकायदा बांधकामे पाडताना बड्यांनाही वगळले नाही, त्यामुळे गरिबांना हा आपल्यावरचाच रोख वाटला नाही. झोपडपट्ट्यांत फरशी, पाणी आणि शौचकूप आले. पुरते दोन वर्षांच्या आत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. कर्मचारी तेच, कायदेही तेच. माझ्या मते यातले सर्वांत मोलाचे म्हणजे ते सहा विभाग. कारण अमक्या गल्लीचा जाब अमक्यानेच द्यावयाचा, हे त्यामुळे ठरले.

मुंबईत तर दीर्घकाळ नियमच आडवा आला. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यावयाचे नाही, असे सरकारी धोरण होते. घर बेकायदा, म्हणून तहानही बेकायदा! पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत असल्याने तो हिरावता येत नाही. २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. पण जोडणी मंजूर होणे निराळे आणि पाणी येणे निराळे. टेकडीवरच्या वस्तीत दाब पुरत नाही. टोकाच्या घरी नळ कोरडा राहतो. नळी गटारातून गेली असेल तर पाणी थांबल्यावर तिच्यात घाण ओढली जाते. टँकरचे किंवा पिंपाने विकत घेतलेले पाणी महापालिकेच्या दरापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि ते घेणारे शहरातले सर्वांत गरीब असतात. जलखात्याने दाब मोजावयाचा तो या शेवटच्या तोटीशी, आणि जुलाबाचे रोगी मोजावयाचे तेही त्याच गल्लीतले.