वाट अडवणारे विमान

बुलढाणा जिल्ह्यात गावाची ओळख विचारताना ते घाटावरचे की घाटाखालचे, हा प्रश्न ओघाने येतोच. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे बालाघाटच्या डोंगरांना पाठ टेकून बसलेले गाव. खानदेश, वऱ्हाड आणि दक्षिणेचे पठार यांच्यात ये-जा करणाऱ्या फौजांना इथल्या घाटाचा हिशेब आधी मांडावा लागे. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिरखान फारुकीने वऱ्हाडावर स्वारी केली, तेव्हा दौलताबादहून निघालेल्या खलफ हसन बसरी या बहमनी सरदाराने त्याला रोहिणखेडजवळ गाठून हरवले आणि थेट बुऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीवरून बुऱ्हाण निजामशाह आणि जमालखान यांच्यात झालेली लढाईही इथलीच. जमालखानाचे सैन्य ऐन उन्हाळ्यात डोंगर तुडवत आले होते आणि लढाईला उभे राहण्याआधीच तहानेने खचले होते. समोरच्या फौजेइतकेच वाटेनेही त्याला हरवले. घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती वेळ, असा या भूगोलाचा धडा आहे. विसाव्या शतकात हेच काम आकाशातून करण्यासाठी एक यंत्र घडले, त्याचे नाव हलके बॉम्बर विमान. त्याने काय आणि किती पाडले याची मोजदाद नेहमी होते. पण त्याची खरी किंमत शत्रूचा किती वेळ खाल्ला यावरून ठरते, आणि त्यातून मिळालेला वेळ वापरणारी माणसे जमिनीवर असतील तरच ती वसूल होते.

रेल्वे आल्यावर घाटाचे महत्त्व यार्डाकडे गेले. घाटाखालच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, कारण मलकापूरची गाडी धरून भुसावळला गेले की देशातले एक मोठे यार्ड समोर पसरलेले दिसते. तिथे वाघिणी सुटतात, सांधे बदलत नव्या गाडीला जोडल्या जातात, इंजिने शेडमध्ये दुरुस्त होतात. मोकळ्या माळावरचा रूळ उखडला तर एकच गाडी अडते. यार्ड बंद पडले तर चारी दिशांच्या गाड्या तुंबतात. १९४४ च्या वसंतात फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करणाऱ्या दोस्त राष्ट्रांनी नेमके हेच हेरले. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाने इटलीतील रेल्वेवरच्या हल्ल्यांचा अभ्यास करून यार्ड आणि त्यातील दुरुस्ती-शेड यांवर मारा करण्याची शिफारस केली आणि एअर चीफ मार्शल टेडर यांनी ती उचलून धरली. या कामाचा एक वाटा इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातून उडणाऱ्या अमेरिकेच्या ४०९, ४१० आणि ४१६ क्रमांकाच्या हलक्या बॉम्बर गटांकडे होता. त्यांचे विमान ए-२० हॅवॉक. यातल्या बहुतेक विमानांत नेम धरणारा माणूसच नसे. तो काचेच्या नाकाच्या म्होरक्या विमानात बसे, आणि त्याचे बॉम्ब सुटताच मागच्या साऱ्या विमानांचे बॉम्ब सुटत. म्होरक्याचा नेम चुकला तर अख्ख्या गटाचा नेम चुकला, इतका एका माणसाच्या डोळ्यावर त्या मोहिमेचा भार होता.

या हल्ल्यांनी काय साधले, यावर तेव्हाच मतभेद होते. तेलाचे कारखाने आधी फोडावेत, असे अमेरिकन सेनानी स्पाट्झ यांचे म्हणणे होते. यार्डापेक्षा पूल पाडावेत, असे इतर काहींचे मत होते, आणि त्यात तथ्य होते. रूळ टाकायला मजूर आणि खडी पुरते, म्हणून अनेक यार्डांतून एक-दोन दिवसांत निदान सरळ जाणारी वाट तरी खुली होत असे. पूल मात्र इतक्या लवकर उभा राहत नाही. तरीही मोहिमेचा एकूण परिणाम नाकारता येत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये मोंतोबॉच्या परिसरात असलेल्या ‘दास राइश’ या जर्मन चिलखती डिव्हिजनला नॉर्मंडीत पोचून सर्व बळानिशी लढाईत उतरायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. हे अंतर एरवी काही दिवसांचे. या विलंबाचे श्रेय एकट्या बॉम्बरांना देता येणार नाही. फ्रेंच प्रतिकारकांनी रूळ उखडले, रेल्वे कामगारांनी डबे नादुरुस्त केले, रस्त्यात छापे पडले. पण बॉम्बरांचे यश असेच असते, दुसऱ्याच्या कामात मिसळलेले. त्या दोन आठवड्यांत किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरत राहिले नसते, तर उद्ध्वस्त यार्डांचा काहीच उपयोग झाला नसता.

महाराष्ट्राच्या भूमीवरून हे शास्त्र प्रत्यक्षात आले ते कॅनबेरा विमानाच्या रूपाने. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या या जेट विमानाने पहिली भरारी घेतली १३ मे १९४९ रोजी. पंख सरळ आणि रुंद, प्रत्येक पंखात एक रोल्स रॉइस एव्हॉन इंजिन, पोटात सुमारे ८,००० पौंड बॉम्ब. भारताने १९५७ मध्ये ५४ बॉम्बर, ८ टेहळणीची आणि ६ प्रशिक्षणाची कॅनबेरा विमाने मागवली आणि पुण्याचा लोहगाव तळ त्यांचे एक मोठे घर झाला. भारताकडच्या बॉम्बर प्रकारात माणसे दोनच. वैमानिक डाव्या अंगाला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसे. दिशादर्शक त्याच्या पुढे, नाकाच्या पोकळीत. नकाशे पाहायला त्याच्यासाठी छोटे मेज असे, आणि लक्ष्य जवळ आले की तो पालथा पडून नाकाच्या काचेतून खाली नजर लावी. वैमानिकाला संकटात आसनासकट बाहेर फेकणारी सोय होती, दिशादर्शकाला नव्हती. त्याला दारापर्यंत सरपटत जाऊन पॅराशूटनिशी उडी घ्यावी लागे, आणि कमी उंचीवर तेवढा अवधी मिळणे जवळजवळ अशक्यच होते. ज्याच्या डोळ्यांवर नेमाची सारी भिस्त, त्याच्याच जिवाला सर्वांत कमी आधार असावा, हे या यंत्राचे कटू सत्य आहे आणि त्या माणसांच्या धैर्याची नोंद घेताना ते सांगितलेच पाहिजे.

गोव्यातली परिस्थिती वाट अडवण्याच्या तर्कात चपखल बसणारी होती. १९५५ च्या नाकेबंदीनंतर मुरगावहून कॅसलरॉककडे येणारी रेल्वेची वाट भारताच्या बाजूने बंद झाली. पोर्तुगिजांनी त्यावर उपाय म्हणून दाबोळीचा विमानतळ उभारला. म्हणजे १९६१ च्या डिसेंबरात गोव्यातील पोर्तुगीज सत्तेला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोनच वाटा उरल्या होत्या, समुद्र आणि दाबोळीची धावपट्टी. समुद्र नौदलाने अडवला. धावपट्टीचे काम एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या हाताखालील हवाई दलाकडे आले, आणि त्यासोबत एक अटही आली: धावपट्टी फोडा, पण विमानतळाच्या इमारती आणि इतर सोयींना धक्का लावू नका. १८ डिसेंबरला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमाने पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरवरच्या दाबोळीवर आली आणि काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्याबरोबर आणखी ८ विमाने आली. टर्मिनल उभे राहिले, आणि फरसबंदीवर उभी असलेली दोन प्रवासी विमानेही शाबूत राहिली. त्याच महिन्यात आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील भारतीय कॅनबेरा विमाने कटांगातील कोल्वेझीच्या विमानतळावर हल्ला करत होती. दोन खंडांवर एकाच वेळी या विमानाकडून एकच अपेक्षा होती, ती शत्रूची हवाई वाट बंद करण्याची.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो लेचापेचा नाही. धावपट्टी पूर्ण उद्ध्वस्त झाली असे म्हटले गेले, पण त्याच रात्री पोर्तुगिजांनी खड्डे बुजवले आणि शाबूत राखलेली ती दोन्ही विमाने, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४, अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन कराचीला निघून गेली. पहिल्या विमानाने जेमतेम ७०० मीटर धावपट्टीवरून उड्डाण केले आणि उडालेल्या दगडांनी त्याच्या अंगाला भोके पडली. मग २० विमानांनी काय मिळवले? फोडलेली वस्तू मोजायची तर उत्तर ओशाळवाणे आहे. वेळ मोजायचा तर ते वेगळे येते. धाडसी वैमानिक अंधारात हलके झालेले विमान एकदाच उडवू शकतो. तेवढ्यावरून त्या पट्टीवर रसद आणि कुमक उतरवणारी विमाने लागोपाठ येऊ शकली असती, असे म्हणता येत नाही. तशी ती आलीही नाहीत. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. धावपट्टी महिनाभर निकामी ठेवायची नव्हतीच. सैन्य पणजीत पोचेपर्यंतचा अवधी हवा होता आणि तो मिळाला. पोर्तुगिजांनीही पूल उडवून हाच उपाय भारतीय सेनेवर केला होता. बाणस्तारीचा पूल उद्ध्वस्त झाला, पण नदी ओलांडून भारतीय तुकड्या दुसऱ्या दिवशी राजधानीत शिरल्या. अडवलेली वाट दोन्ही बाजूंना होती. मिळालेले तास वापरायला सैन्य आणि इच्छाशक्ती भारताच्याच बाजूला होती.

दुसरा आक्षेप असा की गोव्यात लढाऊ विमाने नव्हती, विमानविरोधी तोफा नावापुरत्या होत्या. अशा निर्धोक आकाशात नेम आणि संयम दाखवण्यात विशेष ते काय? हे अंशतः खरे आहे. दाबोळीच्या हल्ल्याची तुलना १९४४ च्या तोफांनी भरलेल्या आकाशाशी करणे अन्यायाचे होईल. पण सोपे आकाश माणसाला संयमाकडेच नेते असे नाही. प्रतिकार नसला की सारेच पाडून टाकण्याचा मोहही तितकाच सोपा होतो. इथे आदेशातच मर्यादा होती आणि ती पाळली गेली. उलट टोकाचे उदाहरण फ्रान्सचे आहे. तिथे चर्चिल यांनी फ्रेंच नागरिकांच्या मृत्यूंबद्दल वारंवार चिंता व्यक्त केली, आणि ती निराधार नव्हती. एप्रिल १९४४ मध्ये पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-सेक यार्डावर ब्रिटिशांच्या जड बॉम्बरांनी रात्री केलेल्या हल्ल्यात साडेचारशेहून अधिक फ्रेंच माणसे मेली. यार्डाला लागून रेल्वे कामगारांची वस्ती असते. भुसावळ पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच वाट अडवण्याचे ध्येय योग्य असले तरी कोणत्याही साधनाला मुभा आहे, असा अर्थ निघत नाही. ज्या कामासाठी काही तास किंवा काही दिवस पुरेसे आहेत, त्यासाठी शहर भाजून काढणे हा युद्धशास्त्राच्या हिशेबातही अपव्यय आहे आणि माणुसकीच्या हिशेबात गुन्हा.

कॅनबेराने भारताची सेवा पन्नास वर्षे केली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती लढली, १९९९ मध्ये कारगिलवर छायाचित्रे घेताना क्षेपणास्त्र लागूनही एका इंजिनावर परतली, आणि ११ मे २००७ रोजी आग्र्याला निवृत्त झाली. दाबोळीचा विमानतळ १९६२ मध्ये नौदलाकडे आला आणि पुढे लाखो प्रवाशांचा झाला. १८ डिसेंबरला न पाडलेल्या इमारतींचा हा सरळ लाभ. आज क्षेपणास्त्रे आणि ड्रोन हेच काम दूरवरून करतात, आणि प्रत्येक हल्ल्यानंतर उपग्रहाच्या चित्रांत काळे डाग मोजले जातात. त्या डागांवरून निकाल काढू नये. हल्ल्याआधी शत्रू तिथे किती वेळात पोचला असता, हल्ल्यानंतर त्याला किती वेळ लागला, त्या अवधीत आपण काय केले, आणि त्यासाठी कोणाचे घर पडले, हे चार प्रश्न विचारावेत. १९४४ च्या यार्डांचा आणि १९६१ च्या दाबोळीचा निकाल याच कसोटीवर लागतो, आणि जो सेनानी या चारांपैकी शेवटचा प्रश्न वगळतो, त्याचा हिशेब पहिल्या तिन्हींतही चुकलेला असतो.