वाघाची वाट आणि नकाशा

शाळकरी मुलांसाठीं घरोघरीं नकाशांचें जें पुस्तक असतें, त्यांतील विदर्भाचें पान उघडून पाहिलें तर रान हिरव्या रंगानें दाखविलेलें आढळतें. एक हिरवा ठिपका यवतमाळ जिल्ह्यांत, दुसरा बुलढाणा जिल्ह्यांत, तिसरा नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं. मधला कागद कोरा. पाहणाराची सहज समजूत होते कीं, वाघ हिरव्या रंगांत राहतो आणि माणूस कोऱ्या भागांत. ही समजूत इ. स. २०१९ मध्यें एका तरुण वाघानें पार खोटी ठरविली.

यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्य हें त्याचें जन्मस्थान. तें अवघें सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें. नर बच्चा वयांत आला म्हणजे बापाच्या हद्दींत त्याला थारा मिळत नाहीं. स्वतःची हद्द त्यानें स्वतः शोधावी, असा रानाचा शिरस्ता आहे. फेब्रुवारी २०१९ मध्यें भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं आणि महाराष्ट्राच्या वनखात्यानें ह्या वाघाच्या गळ्यांत संदेश पाठविणारा पट्टा, म्हणजे रेडिओ कॉलर, बांधला. जूनमध्यें वाघानें टिपेश्वर सोडलें. महाराष्ट्र आणि तेलंगण मिळून सात जिल्हे तुडवीत, दिवसा शेतांत किंवा झुडपांत दडून आणि रात्रीं चालून, तो डिसेंबरमध्यें बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तेव्हां त्याची चाल सुमारें १,३०० किलोमीटर भरली होती. तेथें पोंचल्यावरहि त्याची भटकंती संपली नाहीं, आणि नऊ महिन्यांची एकंदर चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक झाली. एप्रिल २०२० मध्यें पट्टा काढून घेतला गेला, त्यापूर्वीं त्यानें पांच हजारांहून अधिक वेळां वाघाचा ठावठिकाणा कळविला होता.

पट्ट्याला स्वतःचें ठिकाण कसें कळतें? आकाशांत फिरणारे उपग्रह अत्यंत अचूक घड्याळाची खूण सतत खालीं पाठवीत असतात. ती खूण पोंचण्यास किती अवधि लागला ह्यावरून त्या उपग्रहाचें अंतर निघतें. निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं कीं, पृथ्वीवरील एक बिंदु निश्चित होतो. गणित जुनेंच आहे, साधन तेवढें नवें.

परंतु नुसते बिंदु मिळून भागत नाहीं. पांच हजार ठिपके कोऱ्या कागदावर मांडले तर मुंग्यांची रांग दिसेल, ज्ञान होणार नाहीं. ज्या ठिकाणीं वाघ थांबला तेथें ओढा होता कीं कापसाचें शेत, गांव किती दूर, डांबरी सडक कोठें, हें कळावयास हवें. येथें उपयोगी पडते ती भौगोलिक माहिती प्रणाली. नांव भारदस्त आहे, पण कल्पना महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला परकी वाटूं नये. तलाठ्याजवळ गांवचा नकाशा असतो आणि सातबाराहि असतो. नकाशांतील तुकडा पाहून नंबर काढावा, नंबरावरून सातबारा काढावा, म्हणजे जमीन कोणाची, पीक कोणतें, विहीर आहे कीं नाहीं, सर्व कळतें. ह्या प्रणालींत देशाच्या प्रत्येक लहानशा चौकटीचा असा सातबारा संगणकांत असतो. फक्त त्यांत मालकाच्या नांवाऐवजीं उंची, उतार, झाडोरा, पाणी, वस्ती आणि रस्ता ह्यांच्या नोंदी असतात.

ह्या युक्तीचा उगम इ. स. १९६० नंतरच्या दशकांतील कॅनडांत आहे. रॉजर टॉमलिन्सन नांवाच्या भूगोलतज्ज्ञाला पूर्व आफ्रिकेंत झाडें लावण्यास योग्य जागा शोधण्याच्या कामीं असा अनुभव आला होता कीं, पारदर्शक कागदांवर निरनिराळे नकाशे काढून ते एकावर एक ठेवून पाहण्याचा खर्चच परवडत नाहीं. पुढें कॅनडाच्या सरकारला अफाट भूमीची मोजदाद करावयाची होती, तेव्हां त्यानें हें काम संगणकाकडून करवून घेतलें. वन्य प्राण्यांचा अधिवास हा त्या मोजदादींतील एक विषय होताच.

भारतांत ह्या विद्येला खरी निकड आली ती एका नामुष्कीमुळें. पूर्वीं वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. वनरक्षक कांचेवर ठसा उतरवून घेत, प्लॅस्टरचा सांचा करीत, आणि प्रत्येक ठसा निराळ्या वाघाचा कीं त्याच वाघाचा, हें नजरेनें ठरवीत. त्या नजरेची थट्टा करण्याचें कारण नाहीं. रानांत जन्म घालविलेल्या माणसाची ती नजर होती. तथापि तिच्यावर साऱ्या देशाचा हिशेब उभारणें धोक्याचें होतें. राजस्थानांतील सरिस्का येथें कागदोपत्रीं वाघ नांदत होते, आणि इ. स. २००५ मध्यें चौकशी झाली तेव्हां रानांत एकहि उरलेला नव्हता! शिकाऱ्यांनीं सारे संपविले होते.

त्यानंतर २००६ पासून नवी पद्धति आली. झाडाला समोरासमोर दोन कॅमेरे बांधावयाचे, म्हणजे जाणाऱ्या वाघाच्या दोन्ही कुशींचें छायाचित्र आपोआप निघतें. पट्ट्यांची ठेवण आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक वाघाची निराळी. एकाच वाघाच्या दोन कुशीहि सारख्या नसतात. तेच वाघ किती वेळां फिरून सांपडले, ह्यावरून न सांपडलेल्यांचा अदमास निघतो. मात्र कॅमेरा सर्व रानांत लावणें शक्य नाहीं. म्हणून जेथें कॅमेरे होते तेथील वाघांच्या दाटीचा संबंध भक्ष्य, झाडोरा, गांवांपासूनचें अंतर ह्या थरांशीं लावून उरलेल्या रानाचा अंदाज करितात. २०१८ च्या गणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लागले आणि सुमारें साडेतीन कोटि छायाचित्रें निघालीं; त्यांत वाघांचीं ७६,६५१. देशांतील वाघांचा सरासरी अंदाज २००६ मध्यें १,४११ होता, तो २०२२ मध्यें ३,६८२ वर आला. ह्या वाढींत कांहीं भाग गणनेचें क्षेत्र वाढल्याचा आहे, हें विसरूं नये.

नकाशावरील कोरी चौकट मात्र फार फसवी. तेथें प्राणी नाहीं, असा तिचा अर्थ होऊं शकतो, किंवा तेथें कोणी पाहावयास गेलेंच नाहीं, असाहि होऊं शकतो. ह्यासाठीं आतां गस्तीवरील वनरक्षकाजवळहि उपग्रहाशीं जोडलेलें यंत्र असतें. तो कोठून कोठें चालला ती रेघ नकाशावर उमटते, आणि कोणत्या नाल्यांत महिनोन्‌महिने पाऊल पडलें नाहीं हें अधिकाऱ्याला खुर्चींतून दिसतें. कित्येकांना हा जाच वाटत असेल. पण शिकारी नेमका तोच नाला निवडीत असतो.

आतां दोन रानांमधील वाटेचा प्रश्न. वाट काढण्याची रीति अशी: प्रत्येक चौकटीला अडचणीचा एक आंकडा द्यावयाचा. दाट झाडीला कमी, शेताला थोडा अधिक, रुंद रस्त्याला बराच, शहराला सर्वांत जास्त. मग दोन रानांमध्यें ज्या मार्गानें अडचणींची बेरीज कमींत कमी होईल, तो भ्रमणमार्ग. उतारावरचें पाणी वाट शोधतें तसेंच हें. आंकडे प्रथम माणसानेंच ठरविलेले असल्यामुळें चुकूं शकतात. टिपेश्वरच्या वाघासारखा प्रवासी ते तपासून देतो.

असाच एक भ्रमणमार्ग कान्हा आणि पेंच ह्या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडतो, आणि नागपूरहून उत्तरेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वींचा ७ व आतांचा ४४ क्रमांकाचा, ह्या प्रदेशांतील रान कापीत जातो. महामार्ग चौपदरी करण्याचें ठरलें तेव्हां वर्षानुवर्षें वाद झाला, न्यायालयांपर्यंत गेला. अखेर रस्ता झाला, पण महाराष्ट्राच्या हद्दींत नऊ ठिकाणीं तो खांबांवर उचलून खालीं जनावरांना वाट ठेविली गेली. सर्वांत रुंद वाट सुमारें ७५० मीटरांची आहे. मार्च ते डिसेंबर २०१९ ह्या काळांत तेथें लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींच्या वन्य प्राण्यांचीं ५,४५० छायाचित्रें निघालीं. चितळ आणि रानडुक्कर त्यांत विशेष. अकरा निरनिराळे वाघ मिळून ८९ वेळां पुलाखालून गेले, आणि त्यांच्या डोक्यावरून मालमोटारी धांवत होत्या.

टिपेश्वरच्या वाघाला असे पूल मिळाले नाहींत. त्याच्या वाटेवरील पुष्कळशी जमीन अभयारण्याची नव्हे. ती कास्तकारांच्या नांवें सातबाऱ्यांत नोंदलेली आहे. त्या साऱ्या प्रवासांत माणसाशीं गांठ पडून इजा झाली ती एकदांच, तीहि वाघ दिवसा ज्या झुडपांत पडून होता त्यांत मनुष्य अजाणतां शिरला म्हणून, आणि ती गंभीर नव्हती. एरव्हीं त्या सात जिल्ह्यांतील किती शेतकरी सकाळीं पाणी द्यावयास गेले असतील, आणि चार ओळी पलीकडे कोण निजला आहे ह्याची त्यांना गंधवार्ताहि नसेल.