टक्का कशाचा, आणि किती अंशांत?

मे महिन्याचं बिल हाती आलं की अकोल्या-अमरावतीत घरोघरी एकच निदान होतं: मीटर पळते! आता मीटरवरच पाहा, ‘क्लास १.०’ छापलेलं सापडेल. नेहमीच्या भारावर चूक नोंदीच्या एक टक्क्याच्या आत, म्हणजे ३०० युनिटांमागे फार तर ३ युनिट, कमी किंवा जास्त. ही मर्यादा २७ अंश सेल्सिअसला धरलेली. उन्हातली पेटी ४५ अंशांवर गेली तर मानकानुसार दर अंशाला आणखी ०.०५ टक्का, १८ अंशांचे ०.९ टक्के. सगळं मिळून सहा युनिटही भरत नाहीत. उलट २०० वॅटचा कूलर रोज २० तास चालला की महिन्याला १२० युनिट होतात, आणि १०० व ३०० युनिटांचे टप्पे ओलांडले की वरच्या युनिटांचा दरही चढतो. मीटर बिघडलेलं असू शकतं, शंका असेल तर महावितरणकडे अर्ज करून तपासून घ्यावं. पण बिघाड वेगळा, क्लासमधली चूक वेगळी.

उन्हाचा खरा फटका बसतो हातातल्या मल्टिमीटरला. पडद्यावर २३०.० आलं की वायरमन दशांशासकट आकडा सांगतो. चांगल्या बनावटीच्या मीटरच्या पुस्तिकेत मात्र एसी व्होल्टसमोर ±(१% + ३ डिजिट) असं काहीसं असतं. एक टक्का म्हणजे २.३ व्होल्ट, तीन डिजिट म्हणजे शेवटच्या घरातले तीन, इथं ०.३. एकूण २.६ व्होल्ट! दशांशाला अर्थच उरला नाही. त्यातही ही हमी बहुधा १८ ते २८ अंशांपुरती असते. पुढच्या दर अंशाला त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची भर पडते. शेतातल्या स्टार्टरपाशी ४३ अंश असतील तर २.६ चे ६.५ व्होल्ट होतात. तापमानाची ही ओळ पुस्तिकेत तळाला, बारीक टायपात असते. वऱ्हाडात विकायच्या मीटरवर ती सगळ्यात वर छापायला हवी.

जिनिंगच्या पॅनलवरच्या काट्याच्या अँमीटरची गोष्ट आणखी निराळी. तिथला क्लास १.५ हा वाचनाचा नव्हे, पूर्ण पट्टीचा टक्का. १०० अँपिअरच्या पट्टीवर काटा कुठंही असो, मुभा दीड अँपिअरची. ८० वर ती दोन टक्क्यांच्या आत बसते. रिकाम्या मोटरच्या २० अँपिअरवर साडेसात टक्के होते. म्हणून रिकाम्या मोटरचा करंट त्या काट्यावरून ठरवू नये. क्लॅम्प मीटर लावावं, आणि त्याच्या पुस्तिकेतला टक्का कशाचा आहे, तेही लावण्याआधी पाहावं.