परमिट रूमपुढचा राडा आणि परवान्याची चावी
लेखमाला : शहराचा कारभार – लेखांक ७

परमिट रूमपुढे रोज रात्री भांडणं होतात, बाटल्या फुटतात, शेजारच्या गल्लीतून बायका-मुलींना जाणं नकोसं होतं. अशा वेळी बारामती असो की इंदापूर, लोक आधी नगरसेवकाचं दार ठोठावतात. पण नगरसेवकाच्या हातात तो परवाना नसतोच. महाराष्ट्रात दारूचा परवाना जिल्हाधिकारी देतात, राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत, आणि तोही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. मुळात बंदी, आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून अटींवर दिलेली सूट. दारू विकणं हा कुणाचा हक्क नाही, हे तक्रार करणाऱ्यानं आधी मनात पक्कं करावं.

अटी मोडल्या तर काय होतं? कलम ५४ प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. नोकरानं अट मोडली तरी जबाबदार परवानाधारकच. ‘मी तेव्हा गल्ल्यावर नव्हतो’ हे उत्तर चालत नाही. कलम १४२ तर थेट आपल्या विषयाचं आहे. सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर जिल्हाधिकारी लेखी आदेशानं दारूविक्रीचं ठिकाण ठरावीक काळ बंद ठेवायला लावू शकतात. निवडणुकीत, मिरवणुकीत हे कलम सर्रास वापरलं जातं. एखाद्या ठिकाणी वारंवार मारामाऱ्या होतात म्हणून ते वापरल्याचं मात्र फारसं कानावर येत नाही.

याच कायद्यात कलम १०४ आहे. परवाना रद्द किंवा निलंबित करण्याऐवजी रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवण्याची त्यात सोय आहे. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आयुक्तांकडे अपील आणि त्यापुढे शासनाकडे दाद मागता येते. परवानाधारकाला दाद मागायला जागा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या प्रवासात शेजारी राहणाऱ्या माणसाला खुर्ची कुठे आहे? माझ्या मते खरी उणीव तीच आहे. त्यात परवान्याचं काम पाहणारं उत्पादन शुल्क खातंच महसूलही गोळा करतं. जून २०२५ मध्ये सरकारनं लिटरमागे २६० रुपयांपर्यंत उत्पादनखर्च असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं, ते तिजोरीसाठीच.

इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक कौन्सिलकडे आहे. तिथल्या २००३ च्या कायद्यानुसार पोलिसच काय, साधा रहिवासीही एखाद्या बारच्या परवान्याचा फेरविचार मागू शकतो. कौन्सिलचे सदस्य उघड सुनावणी घेतात, दोन्ही बाजू ऐकतात. बार बंद करणं हा शेवटचा उपाय असतो. त्याआधी वेळ कमी करणं, दारावर माणूस ठेवणं, कॅमेरे बसवणं, व्यवस्थापक बदलणं अशा अटी घालतात. गंभीर गुन्ह्याचा किंवा गंभीर गोंधळाचा संबंध असेल आणि पोलिसांनी तसा अर्ज केला, तर तात्पुरती पावलं उचलायची का, याचा विचार ४८ तासांत करावा लागतो.

आपल्याकडे लोकांच्या हाती आहे ती ‘आडवी बाटली’. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी केली, की सह्या पडताळून गुप्त मतदान होतं. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. मात्र ही निम्मी मतं एकूण यादीतल्या नावांच्या तुलनेत मोजतात, झालेल्या मतदानाच्या नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेली, यादीतून नाव न काढलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीलाच, म्हणजे दुकान चालू ठेवण्याला, पडलेलं मत. एवढं करून जिंकलेल्या महिलांचं कौतुक करावं तितकं थोडं आहे. पण हे हत्यार एकतर बंद नाहीतर चालू, असंच आहे. रात्रीची वेळ कमी करा, एवढी साधी मागणी त्यात बसत नाही.

मार्च २०२५ मध्ये बारामतीचे तेव्हाचे आमदार आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारात नवीन बियर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला त्या सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगला निर्णय. पण तो नव्या दुकानांपुरता, आणि सोसायटीत राहणाऱ्यांपुरता. जुन्या पेठेतल्या वाड्यात किंवा एमआयडीसीजवळच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्यानं काय मिळालं?

इंदापूरकडे पुणे–सोलापूर महामार्गावर प्रश्न आणखी वेगळा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, पुढे छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर केलं आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दींना त्यातून मोकळं केलं. पण ढाब्यावर चोरून दारू पाजली जाते, तिथे तर परवानाच नसतो. मग फेरविचार कशाचा करणार? तिथे कलम ६८ आणि ८४ लागतात, चालवणाऱ्यावर आणि बसून पिणाऱ्यावरही.

मग नगरपरिषदेनं हात झटकायचे का? मुळीच नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला दारू दिल्याच्या आरोपावरून दोन ठिकाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं सील झाली, आणि महापालिकेनं पब-बारच्या बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला. म्हणजे वाढीव शेड, अडवलेला रस्ता, आग विझवण्याची सोय हे सारं स्थानिक संस्थेच्याच अखत्यारीत आहे. त्यासाठी कुणाचा जीव जाण्याची वाट पाहायची गरज नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये बारामती आणि इंदापूरला नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्यांकडे प्रभागातल्या लोकांनी एक मागणी लावून धरावी : कोणत्या ठिकाणाबाहेर किती वेळा पोलिस बोलवावे लागले, याची माहिती ठाण्यातून घ्या, ती ठरावाला जोडा आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे व उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे पाठवा, कलम ५४ आणि १४२ चा स्पष्ट उल्लेख करून. ठराव बंधनकारक नसेल. पण नोंदींसह आलेला कागद फाइलमध्ये राहतो, आणि त्यावर काय केलं हे माहिती अधिकारात विचारता येतं. रहिवाशांनी भांडण झालं की ११२ ला फोन करावा. फोन केलाच नाही, तर नोंद कुठून येणार?